अण्णानं धरून ठेवलेली देवी

माझ्या भावानं एका मंगळवारी सकाळी यल्लम्मा देवीला अडकवून ठेवलं आणि दुपारी मला फोन करून विचारलं, की कायद्यानं हे चालतं का. आमच्या घरातली माणसं आधी करून मोकळी होतात आणि मग वकिलाला विचारतात. वकील घरचीच, फी पडत नाही, म्हणून तर जास्तच.

मी तेव्हा बेळगावच्या कोर्टात होते. एका कामात पुढची तारीख पडली होती, दुसऱ्याचा पुकारा व्हायचा होता आणि मी नेहमीसारखी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मला बसून वाट बघता येत नाही. बसलं की वाटायला लागतं, कुठंतरी काहीतरी आपल्यावाचून बिघडतंय. त्या दिवशी ते खरोखरच बिघडत होतं, निपाणीत.

"ऐक की गं," अण्णा म्हणाला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीत स्टँडजवळ वडिलांनी बांधलेला लॉज तो चालवतो. "गिऱ्हाइकानं बिल दिलं न्हाय तर सामान ठिवून घेता येतंय न्हवं?"

"येतं म्हणतात. काय ठेवून घेतलंस?"

मग आवाज उतरवून तो म्हणाला, "यल्लम्माचा जग."

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जग म्हणजे वेताची मोठी परडी. तिच्यात देवीचा पितळी मुखवटा, त्याला हिरवं लुगडं नेसवलेलं, गळ्यात कवड्यांची माळ, मागं मोरपिसांचा झुपका. देवीला सोडलेली जोगती तो डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते. लोक जोगवा वाढतात, ओटी भरतात, भंडारा कपाळाला लावून घेतात. पौर्णिमेला तोच जग डोक्यावर घेऊन ती सौंदत्तीचा डोंगर चढते. म्हणजे देवळातल्या मूर्तीसारखी ही देवी एका जागी बसणारी नाही. चालत येते, मुक्काम करते, चालत जाते. तिला आमच्या बंधुराजांनी काउंटरखालच्या कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, आधी बाहेर काढ. बिल मी पाठवते, आत्ता, फोनवरनं."

"तुझं पैसं घिऊन मी काय करू? घरातलंच घरात. प्रश्न नियमाचा हाय." तेवढ्यात माझ्या कामाचा पुकारा झाला आणि फोन ठेवावा लागला. उलटतपासणीत मी काय विचारलं, देवी जाणे.

झालं होतं ते असं. निपाणीतल्या एका घरानं सोमवारी देवीचा जागर घातला होता. त्यासाठी गोकाककडच्या एका खेड्यातली जोगती बोलावली. घर लहान, पाहुणे फार, म्हणून घरमालकानं फोन करून अण्णाला सांगितलं, की एक खोली ठेवा, बिल आमच्याकडं. अण्णा हो म्हणाला. रात्रीचा जागर उरकून ती लॉजवर आली तेव्हा अण्णानं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या होकाराचं नाही झालं. ती जन्मानं पुरुष. साडी, अंबाडा, हातभर बांगड्या, कपाळभर भंडारा. आणि आधारकार्डावर मिशीचा फोटो. आमच्याकडं अशांना सगळे आक्का म्हणतात, पाया पडतात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतात, आणि दिवस मावळला की दार लावून घेतात. मी तिला 'ती'च म्हणणार. ती स्वतःला तसंच म्हणते, आणि तिच्याहून जास्त हे कुणाला ठाऊक असणार?

वरच्या मजल्यावर लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. त्यांनी नाकं मुरडली की अण्णानंच आधी मुरडून घेतली, हे मला गुरुवारपर्यंत नीट कळलं नाही. त्यानं तिला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून गाद्या-चादरींची कोठी आहे, तिथं जागा दिली. भाडं लावलं ते मात्र खोलीचं. सकाळी घरमालकानं हात झटकले. म्हणाला, जोगतीला लुगडं दिलं, शिधा दिला, त्यात सगळं आलं. मग अण्णा तिच्याकडं वळला. तिच्यापाशी लुगडं, शिधा आणि परतीच्या गाडीचे पैसे. अण्णानं काउंटरमागच्या पाटीकडं बोट केलं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत ती पाटी सांगते, की बिल भागवल्याशिवाय सामान हलवता येणार नाही. बाकी पिशवीत एक जुनेर आणि पानाची चंची. अण्णाची नजर जगावर गेली.

ती भांडली नाही, हे अण्णानंच मला नंतर सांगितलं. नुसतं म्हणाली, "ठिवा. पर सांभाळाय लागंल. पौर्णिमेच्या आत येते मी." आणि पिशवी घेऊन स्टँडकडं गेली. पौर्णिमा शुक्रवारी होती.

मला राहवेना. वाटतं तितका हा प्रश्न सोपा नाही, हे संध्याकाळी पुस्तकं उघडल्यावर कळलं. वस्तू धरून ठेवण्याच्या हक्काला कायद्याच्या मराठीत धारणाधिकार म्हणतात. कोर्टात आम्ही सरळ लियन म्हणतो. आपल्या करार कायद्यात त्याची यादी आहे. बँकवाले, मालाचे आडते, धक्क्यावर माल सांभाळणारे, हायकोर्टाचे वकील, विम्याचे दलाल. लॉजवाला त्यात नाही. शिंपी कापड अडवू शकतो, कारण त्यानं त्या कापडावर हात चालवलेला असतो. लॉजवाल्यानं पाहुण्याच्या पेटीवर काय केलेलं असतं? काही नाही. मग त्याचा हक्क येतो कुठून?

तो येतो जुन्या इंग्रजी रिवाजातून. तिकडं खानावळवाल्याला, धर्मशाळावाल्याला वाटसरू निवडायची मुभा नव्हती. जागा असेल आणि वाटसरू धड वागत असेल, तर दार उघडायलाच हवं. शिवाय त्याचं सामान चोरीला गेलं तर भरपाई यानंच द्यायची. एवढं ओझं खांद्यावर टाकल्यावर कायद्यानं त्याला एक काठी हातात दिली: पैसे दिले नाहीत तर सामान धरून ठेव. विकू नकोस, वापरू नकोस, नीट सांभाळ; सांभाळायचा खर्च मागू नकोस; पाहुण्याच्या अंगाला हात लावू नकोस, अंगावरच्या कपड्याला तर नाहीच. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा हा हक्क. आपल्याकडच्या कोर्टांनीही कलम नसेल तिथं न्यायबुद्धीला धरून असे रिवाज उसने घेतलेले आहेत, तेव्हा अण्णाची पाटी अगदीच हवेत नव्हती.

मी वाचत होते आणि घरभर फिरत होते. एकीकडं वकिलाचं डोकं चालायला लागलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. जग डोक्यावर असतो. मग तो अंगावरचा धरायचा की बरोबरचं सामान? आणि आपल्या कायद्यात प्रतिष्ठा केलेली देवता ही व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते. मग देवी हे पाहुण्याचं सामान कसं? तीच पाहुणी. आणि पाहुण्याला डांबून ठेवणं म्हणजे सरळ फौजदारी. मी मनातल्या मनात अण्णाला पिंजऱ्यात उभं केलं, चार प्रश्नांत गार केलं, आणि तरी जिवाला स्वस्थता येईना. काहीतरी चुकीच्या जागी खाजवत होते मी.

बुधवारी सकाळी अण्णाचा फोन. आवाजातला नियम गेलेला.

"तुझ्या वहिनीनं घोळ घातलाय."

घोळ असा, की कपाटात जग ठेवल्याचं अण्णानं वहिनीला सांगितलंच नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी ती चादरींच्या पावत्या शोधायला कपाट उघडते, तर आत देवीचा मुखवटा, शेजारी कुणाचा तरी विसरलेला मोबाइल आणि इस्त्री. ती किंचाळलीच. तिनं जग उचलला आणि समोर दिसलं त्या पहिल्या उंच जागी, म्हणजे हॉलमधल्या पेपर ठेवायच्या टेबलावर ठेवला. पाण्यानं टेबलाभोवती रेघ ओढली, समई लावली, हळदकुंकू वाहिलं, चुकलं माकलं म्हणून नाक घासलं. देवी म्हणजे आता रीतसर बसली. आणि बसवलेला जग ज्या जोगतीचा असेल तिनंच उठवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! गल्लीतल्या बायका ओट्या भराय लागल्यात. हॉलात पाय ठेवाय जागा न्हाय. पेपर वाचाय येणारी मानसं दारातनं माघारी. आनि मटान बंद."

"मटण का बंद?"

"देवी बसल्याय म्हणं. जवर हाय तवर चुलीवर चडवायचं न्हाय." आमच्या लॉजच्या खोल्यांवर कसाबसा खर्च निघतो, कमाई सगळी खालच्या खानावळीतल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची. मला हसू आवरेना. ज्यानं धरलं तोच धरला गेला होता, आणि सांभाळायचा खर्च मागता येत नाही, हेही मी त्याला तेवढ्यात ऐकवलं.

"हसू नगंस," तो म्हणाला. "ती पैसं न दिता आली तर चालंल, पर येऊ दे. फोन लावतोय तर लागत न्हाय."

"मग जा की. आधारची झेरॉक्स आहे ना तुझ्याकडं? पत्ता आहे त्यावर."

तो गेला. मोटारसायकलवरून, मार्गशीर्षातल्या वाऱ्यात, मफलर गुंडाळून. संध्याकाळपर्यंत त्याचा फोन नाही. मी अशिलाशी बोलता बोलता फोनकडं बघायची, अशील म्हणायचा, बाई, माझ्याकडं ध्यान द्या की. शेवटी मीच लावला.

"सापडलं घर," अण्णा म्हणाला. "घर हाय, ती न्हाय."

"म्हणजे?"

"तिचा भाऊ हुता दारात. झेरॉक्स दावली. त्यानं बघिटलंबी न्हाय. म्हणाला, असलं कोन आमचं न्हाय. मी म्हटलं, अहो, पत्ता तर हितलाच हाय. तर दार लावून घेतलं त्यानं." फोनवर नुसता रस्त्याचा आवाज यायला लागला. "पान टपरीवाल्यानं सांगितलं, मिसरूड फुटलं तवाच घालवलीया घरातनं. मग एका म्हाताऱ्या जोगतीनं पदरात घेतली. ती म्हातारी मेली तवा जग हिच्या डोक्यावर आला. तेवढाच. दुसरं कायबी न्हाय तिचं."

मी खाली बसले. मला बसता येत नाही असं वर लिहिलंय, पण त्या दिवशी बसले.

तोवर मी या सगळ्याकडं अण्णाची फजिती म्हणून बघत होते. जग नसला तर तिचं काय होतं, हा विचारच केला नव्हता. जग डोक्यावर असेल तर ती आक्का. सुवासिनी तिच्या पायावर पाणी घालतात, बसमधला कंडक्टर सीट देतो. जग नसेल तर तीच बाई भर बाजारात पोरांच्या शिट्ट्यांची धनीण. आणि पौर्णिमेला डोंगरावर तिच्या म्हाताऱ्या गुरूची बाकीची माणसं जमणार. जग गहाण टाकून मोकळ्या डोक्यानं आलेल्या जोगतीच्या डोक्यावर ती पुन्हा जग ठेवतील? टपरीवाला अण्णाला म्हणाला होता, न्हाय ठेवणार. दुसरीला देतील. अण्णानं एका बिलासाठी जे धरलं होतं ते तिचं सामान नव्हतं, तिची जागा होती. या जगात तिला दुसरी नव्हती.

गुरुवारी कोर्टात रजेचा अर्ज टाकून मी पहिली गाडी धरली. काकती गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला, संकेश्वरला ड्रायव्हर चहाला उतरला तो उतरलाच. मी खाली उतरून गाडीला दोन फेऱ्या मारल्या. तवंदीचा घाट उतरताना समोरून सौंदत्तीला निघालेल्या गाड्या दिसायला लागल्या, टपावर भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या बुट्ट्या. प्रत्येक गाडीत मी तिला शोधत होते. तिला मी कधी बघितलंही नव्हतं.

लॉजच्या हॉलमध्ये उदबत्तीचा धूर. टेबलावर देवी, समोर नारळांचा ढीग, वहिनी बाजूला पाट मांडून बसलेली. अण्णा काउंटरमागं दाढी वाढवून उभा. मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अण्णानं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"तू कायदा सांगतीस, मी लॉज चालवतोय. गेल्या साली तो साहेब म्हणून आलता, आठवडाभर ऱ्हायला, मटान चापलं, गेला. सुटकेस ठिवून गेला म्हणून गप बसलो. उघडली तर आत विटा. पोलीस म्हणालं, दिवाणी हाय. तवा कुटं हुता तुझा कायदा? ही पाटी न्हाय लावली तर लोक मला विकून खातील."

यात खोटं काही नव्हतं. अण्णा वाईट माणूस नाही. वऱ्हाडातली म्हातारी पडली तेव्हा स्वतः दवाखान्यात घेऊन गेलेला माणूस आहे तो. पण दोन दिवस माझ्या डोक्यात जे नुसतं टोचत होतं ते नेमकं तेव्हा जिभेवर आलं.

"अण्णा, पाटी राहू दे तुझी. पण तो हक्क कुणाला असतो ठाऊक आहे? जो येईल त्याला दार उघडतो त्याला. तू तिला खोली दिलीस?"

त्यानं समोरचं रजिस्टर सरळ करून ठेवलं.

"टाकीजवळच्या कोठीत झोपवलीस आणि खोलीचं बिल लावलंस. पाहुणी म्हणून घेतली नाहीस, मग पाहुण्याचं सामान कसलं धरतोस?"

"वरची मानसं काय म्हणाली असती?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली न्हाईत," अण्णा म्हणाला. बराच वेळ तो काउंटरवरची काच पुसत राहिला. "त्यास्नी विचारलंच न्हाय मी."

वहिनीनं मान वर केली आणि परत खाली घातली. मला विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला अण्णाची कीव आली आणि रागही तसाच राहिला, दोन्ही एकदम.

मग आम्ही वाट बघत बसलो. म्हणजे ते बसले. मी दारातून स्टँडपर्यंत जायची, गाड्या बघायची, परत यायची. पौर्णिमेच्या जादा गाड्या लागल्या होत्या आणि कंडक्टर कन्नडमध्ये सौंदत्ती, सौंदत्ती ओरडत होते. दुपार कलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर असायचं तर आज निघायला हवं. अण्णानं दोनदा विचारलं, "आपनच गाडी करून जग डोंगरावर नेला तर?" वहिनी दोन्ही वेळेला म्हणाली, "हात लावून बघा."

ती आली ते मी स्टँडच्या बाजूला होते म्हणून मला दिसलंच नाही. परत येते तर हॉलमध्ये बायका बाजूला सरलेल्या आणि मधोमध एक उंच, सडपातळ बाई, अंगावर जुनेर, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. गाडीचे पैसे वाचवायला शेवटचा टप्पा चालत आली होती. ती देवीकडं बघत होती. पाया पडली नाही लगेच. घरच्या माणसाला परगावी ठेवून परत आल्यावर आपण आधी त्याचं तोंड न्याहाळतो तशी न्याहाळत होती. वहिनीनं नेसवलेलं नवं लुगडं बघून तिनं मान हलवली. मग कमरेची पिशवी सोडून घड्या घातलेल्या नोटा काउंटरवर ठेवल्या.

अण्णा दोन पावलं मागं सरला. "नको, आक्का. ऱ्हाऊ दे. माझं चुकलं."

"का नको?"

"नकोच. वर दक्षणा देतो, गाडीला बसवून देतो."

"चौंडकं गावात एकापाशी ठिवलंय आनि हे आणलंय," ती म्हणाली. चौंडकं म्हणजे जोगतीचं वाद्य. उद्या डोंगरावर ती त्याच्याशिवाय गाणार होती. "भीक म्हणून न्हाय आणलं. मोजून घ्या."

मी पुढं झाले. सांगितलं, मी यांची बहीण, वकील आहे, तुम्ही काही देणं लागत नाही. ती माझ्याकडं बघून हसली. भंडाऱ्यात चेहरा सगळा उजळला.

"देनं लागतेच की, बाई. खोलीचं हाय न्हवं हे?" तिनं अण्णाकडं बघितलं. "मग खोली दावा."

वरच्या मजल्याचं वऱ्हाड कालच गेलं होतं. नवी गिऱ्हाइकं, तंबाखूचे दोघं व्यापारी आणि एक पोराबाळांचं कुटुंब, चाव्या घेण्यासाठी काउंटरपाशी उभी होती. सगळे ऐकत होते. अण्णानं नोटा उचलल्या. मोजल्या, कारण तिनं मोजून घ्या म्हटलं होतं. मग खुंटीवरची चावी काढली आणि घसा खाकरून, स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चला आक्का, वर. जपून या, पायरी उंच हाय."

तिनं आधी जग उठवला. भंडारा उधळला, बायकांनी उदो म्हटलं, आणि देवी तिच्या डोक्यावर गेली. अण्णा पुढं चावी घेऊन, ती मागं, तिच्यामागं मी. रस्त्याकडच्या बाजूची सगळ्यात चांगली खोली त्यानं उघडली. गिझर लावून दिला. टॉवेल बदलून आणायला स्वतः खाली गेला. ती उंबऱ्यात थांबली, खोली बघितली, वाकून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी जिन्यात घड्याळ बघत उभी. एक जादा गाडी गेली, दुसरी गेली. मला दार वाजवावंसं वाटत होतं, आणि वाजवायचा मला काही हक्क नव्हता. अण्णानं टॉवेल दाराशी ठेवला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला. तो म्हणाला, "त्यानं दार लावून घेतलं न्हवं माझ्या तोंडावर, तवा मला लई राग आलता त्याचा."

ती बाहेर आली तेव्हा केस ओले होते आणि जागरात मिळालेलं लुगडं नेसली होती. जग डोक्यावर. मी न राहवून विचारलं, खोली बरी होती का.

"गादी लई मऊ हाय," ती म्हणाली. "असल्या गादीवर झोप न्हाय यायची मला. पर बसून बघिटलं."

वहिनीनं तिच्या पायावर पाणी घातलं. अण्णा तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. कंडक्टरनं दारातल्या माणसांना मागं सरकवून तिला जागा करून दिली, आणि गाडी हलली. पौर्णिमेला ती डोंगरावर होती. वहिनीच्या माहेरच्या बायकांनी तिला जगासकट बघितलं, तसा फोन आला.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. मी बेळगावची गाडी धरायला निघाले होते, पर्स शोधत होते. तंबाखूच्या दोघांपैकी एक व्यापारी काउंटरपाशी आला. त्याला मागच्या बाजूची खोली मिळाली होती आणि तिथं डास होते. रस्त्याकडची ती खोली आता मोकळी झाली असेल तर द्या म्हणाला, जास्त पडले तरी चालतील.

अण्णा म्हणाला, "ती न्हाय मोकळी."

"अहो, ती बाई तर गेली मघाशीच. माझ्या डोळ्यांदेखत."

"व्हय, गेली," अण्णा म्हणाला. "पर उद्या सकाळपत्तूर खोली तिची हाय."